इचिरो फुरुताची

इचिरो फुरुताची (जन्म: ७ डिसेंबर १९५४, तोक्यो) हे जपानी समालोचक, निवेदक व वृत्तनिवेदक आहेत. व्यावसायिक कुस्तीचे समालोचक म्हणून ते प्रथम प्रसिद्धीस आले. १९८९ ते १९९४ या काळात त्यांनी फुजी टेलिव्हिजन या वाहिनीसाठी फॉर्म्युला वन मोटर शर्यतींचे समालोचन केले. या काळात त्यांनी चालकांना दिलेली टोपणनावे जपानमध्ये अत्यंत लोकप्रिय झाली. आयर्टन सेन्ना याच्यासाठी त्यांनी वापरलेले ‘ध्वनिवेगाचा राजपुत्र’ हे नाव जपानी भाषेत आजही सेन्नाचा पर्याय म्हणून वापरले जाते. त्यांच्या बोलण्याच्या शैलीस जपानीत ‘फुरुताची-बुशी’, म्हणजे फुरुताचींची चाल, असे म्हणतात.

प्रारंभिक जीवन व कुस्तीचे समालोचन

फुरुताची यांचा जन्म तोक्योच्या किता विभागात झाला. रिक्क्यो विद्यापीठातून पदवी घेतल्यानंतर १९७७ मध्ये ते आज टीव्ही आसाही या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाहिनीत निवेदक म्हणून रुजू झाले. तेथे ‘वर्ल्ड प्रो रेसलिंग’ या कार्यक्रमात त्यांनी न्यू जपान प्रो-रेसलिंग या संस्थेच्या कुस्त्यांचे समालोचन सुरू केले. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात हा कार्यक्रम शुक्रवारी रात्री आठ वाजता, म्हणजे सर्वाधिक प्रेक्षकसंख्येच्या वेळी, प्रसारित होत असे.

व्यावसायिक कुस्तीत मल्लाचे कौशल्य जितके महत्त्वाचे, तितकेच त्याचे पात्रही महत्त्वाचे असते. नायक कोण, खलनायक कोण, जुने वैर कोणाचे, हे प्रेक्षकाला क्षणात कळावे लागते. फुरुताचींची उपमांनी भरलेली, वेगवान व अतिशयोक्त शैली याच गरजेतून घडली. सव्वादोन मीटरच्या आसपास उंची सांगितल्या जाणाऱ्या आंद्रे द जायंट या फ्रेंच मल्लास त्यांनी ‘मानवी पर्वतरांग’ म्हटले. तो आखाड्याकडे चालत येऊ लागला की ‘एकट्यानेच चाललेले मानववंशाचे महास्थलांतर’ असे त्याचे वर्णन ते करीत.

१९८४ मध्ये फुरुताचींनी वाहिनीची नोकरी सोडून स्वतंत्रपणे काम सुरू केले. १९८७ मध्ये त्यांनी कुस्तीच्या समालोचनाचाही निरोप घेतला.

फॉर्म्युला वनमध्ये प्रवेश

पार्श्वभूमी

१९८७ हे वर्ष जपानी मोटर शर्यतींच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी जपान ग्रांप्री दशकभराच्या खंडानंतर सुझुका येथे पुन्हा भरली. सातोरू नाकाजिमा हा फॉर्म्युला वनचा पूर्ण हंगाम खेळणारा पहिला जपानी चालक ठरला आणि फुजी टेलिव्हिजनने संपूर्ण हंगामाचे प्रसारण हाती घेतले. १९८८ मध्ये होंडाचे इंजिन असलेल्या मॅकलारेन संघाने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. सेन्नाने १९८८, १९९० व १९९१ ही तिन्ही विश्वविजेतेपदे होंडाच्या इंजिनावर मिळवली आणि तिन्ही वेळा निर्णय सुझुकालाच लागला.

यातून जो नवा प्रेक्षकवर्ग तयार झाला, त्याला या खेळाची फारशी पूर्वओळख नव्हती. युरोपातील शर्यती जपानमध्ये रविवारी रात्री उशिरा दाखवल्या जात. चालकांचे चेहरे शिरस्त्राणाआड लपलेले असत, नावे परकी असत आणि अनेक गाड्या लांबून सारख्याच दिसत. शिरस्त्राणाआडच्या माणसाला प्रेक्षकांच्या मनात ओळख मिळवून देणे, हे समालोचकापुढचे मोठे काम होते.

समालोचनाची पद्धत

फुरुताचींनी १९८९ च्या ब्राझील ग्रांप्रीपासून फॉर्म्युला वनचे समालोचन सुरू केले. प्रत्येक शर्यत त्यांच्याकडे नसे. फुजी टेलिव्हिजनचे स्वतःचे निवेदकही आळीपाळीने हे काम करीत. मोटर शर्यतींचे अभ्यासक जुन इमामिया (१९४९–२०२०) हे तांत्रिक विश्लेषण करीत, तर काझुहितो कावाई हे पिटमधून वार्तांकन करीत. टायर, इंधन व डावपेच यांची माहिती या दोघांकडून येई, तर चालकांच्या स्वभावाचे चित्र फुरुताची उभे करीत. प्रसारणाची विभागणी साधारणपणे अशी होती.

चालकांना दिलेली टोपणनावे

फुरुताचींची टोपणनावे प्रामुख्याने जपानी लोककथा, खाद्यसंस्कृती, म्हणी व बैठे खेळ यांतून आलेली आहेत. परकी नावे जपानी कल्पनाविश्वात आणून बसवणे हे त्यांचे समान सूत्र होते. त्यांपैकी काही प्रमुख नावे पुढीलप्रमाणे:

• आयर्टन सेन्ना – ‘ओन्सोकु नो किकोशी’ (ध्वनिवेगाचा राजपुत्र). ‘किकोशी’ या शब्दाचा मूळ अर्थ खानदानी घराण्यातील तरुण असा आहे. सेन्ना साओ पाउलो येथील सधन कुटुंबातील होता, त्यामुळे ते नाव त्याला शोभून दिसले. ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,२०० किलोमीटर असतो आणि तत्कालीन गाड्या ताशी ३०० किलोमीटरच्या थोड्या पुढे जात. ही उघड अतिशयोक्ती श्रोत्यांनी कौतुकाने स्वीकारली.

• अलेन प्रोस्त – ‘हसतमुख काळी जादू’. शांतपणे, टायर व इंधन राखून गाडी चालवणाऱ्या प्रोस्तला इतर देशांत ‘प्रोफेसर’ म्हणत. शत्रूचा राजा ठरावीक चालींत कोंडीत पकडण्याच्या जपानी बुद्धिबळातील कोड्यांना ‘त्सुमे-शोगी’ म्हणतात. प्रोस्तच्या शैलीस फुरुताचींनी ही उपमाही दिली.

• नायजेल मॅन्सेल – ‘आराहोशी’ (दांडगा भिक्षू). मध्ययुगीन जपानमधील शस्त्रधारी, आडदांड भिक्षूंची आठवण करून देणारा हा शब्द आहे. इटलीतील फेरारीप्रेमींनी त्याच मॅन्सेलला ‘सिंह’ म्हटले होते.

• रिकार्दो पात्रेसे – ‘दोनशे लढायांत तावून सुलाखून निघालेला’. अनुभवी माणसासाठी जपानीत ‘शंभर लढायांत घडलेला’ अशा अर्थाचा ‘ह्याकुसेन रेम्मा’ हा वाक्प्रचार आहे. १९९० मध्ये पात्रेसे २०० ग्रांप्री पूर्ण करणारा पहिला चालक ठरला, तेव्हा शंभराच्या जागी दोनशे आले.

• तिएरी बूट्सेन – ‘फुरिमुकेबा बूत्सेन’ (वळून पाहावे तर बूट्सेन). गाजावाजा न करता वरच्या क्रमांकांत येऊन पोहोचणाऱ्या या बेल्जियन चालकाचे हे वर्णन आहे. १९९० च्या हंगेरी ग्रांप्रीत मात्र बूट्सेन स्वतः आघाडीवर होता आणि सेन्ना त्याच्या मागे होता. बूट्सेनने ती शर्यत तीन दशांश सेकंदांहून कमी अंतराने जिंकली.

• सातोरू नाकाजिमा – ‘नात्तो सोहो’ (नात्तो शैली). नात्तो हे आंबवलेल्या सोयाबीनचे, तारा सुटणारे चिकट खाद्य आहे. नाकाजिमाची चिकाटी त्यातून सूचित होते.

• रेने आर्नू – ‘योकाई तोसेन्बो जिजी’ (वाट अडवणारा थेरडा पिशाच्च). जपानी लोककथांतील भुताखेतांना ‘योकाई’ म्हणतात, तर दोन्ही हात पसरून वाट अडवण्याच्या मुलांच्या खेळास ‘तोसेन्बो’ म्हणतात. १९८९ च्या आपल्या शेवटच्या हंगामात आर्नू मागून येणाऱ्या वेगवान गाड्यांना सहजी वाट देत नसे.

• आंद्रेया दे चेझारिस – ‘साकित्तो नो तोरिमा’ (शर्यतमार्गावरील माथेफिरू हल्लेखोर). रस्त्यावरील अनोळखी व्यक्तींवर विनाकारण हल्ला करणाऱ्यास जपानी वृत्तपत्रे ‘तोरिमा’ म्हणतात. दे चेझारिसच्या वारंवार होणाऱ्या अपघातांवरून हे नाव पडले.

भाषिक वैशिष्ट्ये

या नावांची रचना पाहता तीन गोष्टी ठळकपणे जाणवतात. पहिली, नादमयता. बहुतेक नावे एका श्वासात उच्चारता येतील अशी असून चालकाच्या नावाआधी विशेषणासारखी जोडली जात. पडद्यावर गाडी दिसताच नाव व टोपणनाव एकत्र येई. दुसरी, विसंगती. ताशी ३०० किलोमीटर वेगाच्या यंत्राशेजारी नात्तो, भिक्षू किंवा लोककथेतील पिशाच्च आणून ठेवल्याने विनोद निर्माण होई. तिसरी, कथानक. ‘राजपुत्र’ व ‘काळी जादू’ ही नावे एकत्र ऐकणाऱ्या प्रेक्षकाला सेन्ना व प्रोस्त यांच्यातील संघर्षात कोणाची बाजू घ्यायची, हे वेगळे सांगावे लागत नसे.

तिसऱ्या वैशिष्ट्याचे परिणाम लक्षणीय होते. १९८९ मध्ये सुझुका येथे ५३ पैकी ४७व्या फेरीत दोघांच्या गाड्या एकमेकींत अडकल्या. शर्यत पूर्ण करणाऱ्या सेन्नाला नंतर बाद ठरवण्यात आले आणि विजेतेपद प्रोस्तकडे गेले. पुढच्या वर्षी त्याच मार्गावर पहिल्याच वळणावर पुन्हा टक्कर झाली व विजेतेपद सेन्नाला मिळाले. ती टक्कर हेतुपुरस्सर होती, हे सेन्नाने पुढे स्वतः सूचित केले. ‘राजपुत्र’ या शब्दात या बाजूस जागा नव्हती. तसेच प्रोस्तच्या नियोजनबद्ध चालकत्वाला ‘जादू’ म्हटल्याने त्यामागील कष्ट झाकले गेले.

इतर देशांतील परंपरा

मोटर शर्यतींत टोपणनावांची परंपरा जुनी आहे. १९३० च्या दशकातील जर्मन चालक रुडॉल्फ काराच्चिओला यास ‘पावसाचा स्वामी’ म्हणत. पाच वेळा विश्वविजेता ठरलेला आर्जेन्टिनाचा हुआन मॅन्युएल फांजिओ ‘एल चुएको’ (फेंगड्या पायांचा) या नावाने ओळखला जाई. ते नाव त्याला तरुणपणी फुटबॉलच्या मैदानावर मिळाले होते. अशी बहुतेक नावे वृत्तपत्रे, सहकारी अथवा चाहते यांच्याकडून आलेली असत. ब्रिटिश समालोचक मरे वॉकर (१९२३–२०२१) आपल्या उत्कट आवाजासाठी व बोलण्याच्या ओघातील गमतीदार चुकांसाठी प्रसिद्ध झाले. ब्राझीलमध्ये गाल्व्हाव बुएनो हे सेन्नाचे नाव ‘ब्राझीलचा आयर्टन सेन्ना’ असे लांबवून घेत. संपूर्ण स्पर्धकमालिकेला योजनापूर्वक नावे देणारा समालोचक म्हणून फुरुताचींचे स्थान या सर्वांहून वेगळे आहे.

टीका व मूल्यमापन

फुरुताचींच्या समालोचनावर मतभेद होते. कुस्तीची भाषा शर्यतींना लावणे अनुचित आहे, सततच्या बोलण्यात इंजिनांचे आवाज व शर्यतीतील बारकावे हरवतात, असे जुन्या शर्यतप्रेमींचे म्हणणे होते. याउलट अनेकांना या खेळाची गोडी याच टोपणनावांमुळे लागली.

नावांच्या न्याय्यतेचा प्रश्नही यात येतो. आर्नूने कारकिर्दीत सात ग्रांप्री जिंकल्या होत्या व १८ वेळा पोल पोझिशन मिळवली होती. नव्या जपानी प्रेक्षकांच्या स्मरणात मात्र तो ‘वाट अडवणारा थेरडा’ म्हणूनच राहिला. दे चेझारिस २०८ शर्यतींत एकदाही जिंकला नाही. १९९१ च्या बेल्जियम ग्रांप्रीत जॉर्डन संघाकडून तो सेन्नाच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर होता, पण शेवटच्या काही फेऱ्यांत इंजिन बंद पडले. तोपर्यंत त्याच्या चालवण्यात संयम आला होता, तरी जुने नाव कायम राहिले. कुस्तीत खलनायकाचे नाव हा मल्लाच्या पात्राचाच भाग असतो. शर्यतचालकाने मात्र असे कोणतेही पात्र स्वीकारलेले नसते आणि त्याला होणारी इजा खरी असते.

सेन्नाचा मृत्यू व त्यानंतर

१ मे १९९४ रोजी इटलीतील इमोला येथे सान मारिनो ग्रांप्रीत सेन्नाच्या गाडीला तांबुरेल्लो वळणावर अपघात होऊन त्याचा मृत्यू झाला. आदल्याच दिवशी ऑस्ट्रियाचा चालक रोलँड रात्झेनबर्गर पात्रता सत्रात मृत्यू पावला होता. या शर्यतीचे समालोचन फुरुताचींकडे नव्हते. फुजी टेलिव्हिजनचे निवेदक मासाहारू मियाके यांनी इमामिया व कावाई यांच्यासह ही बातमी जपानी प्रेक्षकांना दिली. त्या वेळी तिघांनाही अश्रू आवरले नाहीत. याच मियाके यांनी १९९२ च्या मोनाको ग्रांप्रीत, मॅन्सेलला शेवटच्या फेऱ्यांत रोखून धरणाऱ्या सेन्नाचे वर्णन करताना, येथे पुढे जाणे निव्वळ अशक्य आहे अशा अर्थाचे साधे उद्गार काढले होते. कोणत्याही अलंकाराविना ते उद्गार जपानी क्रीडासमालोचनात अजरामर झाले.

१९९४ च्या हंगामानंतर फुरुताचींनी फॉर्म्युला वनचे समालोचन थांबवले. १९९४ ते १९९६ अशी सलग तीन वर्षे त्यांनी जपानी सार्वजनिक वाहिनी एनएचकेच्या वर्षअखेरच्या गीतस्पर्धेत निवेदन केले. एप्रिल २००४ ते मार्च २०१६ या काळात ते टीव्ही आसाहीवरील ‘होदो स्टेशन’ या रात्रीच्या वृत्तकार्यक्रमाचे मुख्य निवेदक होते. एकट्याने रंगमंचावर बोलण्याचा ‘टॉकिंग ब्लूज’ हा कार्यक्रमही त्यांनी १९८८ पासून सादर केला आहे.

वारसा

‘ध्वनिवेगाचा राजपुत्र’ हे नाव सेन्नाच्या मृत्यूनंतर जपानी वृत्तपत्रे, पुस्तके व स्मृतिकार्यक्रम यांतून रूढ झाले. आसिफ कपाडिया यांचा ‘सेन्ना’ हा अनुबोधपट २०१० मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या जपानी शीर्षकातही ‘ध्वनिवेगापलीकडे’ अशा अर्थाचे शब्द जोडण्यात आले. फुरुताचींची इतर टोपणनावे मुख्यतः त्या काळातील प्रेक्षकांच्या आठवणींत उरली आहेत, तर हे एक नाव ज्यांनी ते समालोचन कधी ऐकले नाही अशा पिढीपर्यंतही पोहोचले आहे.