धरमतरची हवा आणि दुपारचे दीड

धरमतरच्या खाडीचा इतिहास लिहिताना बंदर, बोटी, मिठागरे आणि खारबंदिस्ती यांचे कागद सापडतात. हवेचे दप्तर मात्र कोणत्याच कचेरीत सलग मिळत नाही. कोणत्याही संस्थेशी संबंध नसलेल्या माझ्यासारख्या अभ्यासकाला ते शोधायला आकाशाकडे वळावे लागले.

अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा संग्रह २००८ साली सर्वांना मोफत खुला झाला. १९८४ पासूनच्या त्याच्या चित्रांत ३० मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. डोलवीचा पोलाद कारखाना इस्पात कंपनीने १९९० च्या दशकात उभारला आणि २०१० च्या अखेरीस तो जेएसडब्ल्यू समूहाकडे गेला. त्याच्या आधीचा आणि नंतरचा खाडीकाठ ही चित्रे शेजारी ठेवून तपासता येतो. परंतु लँडसॅट जमीन दाखवतो, दाट धूर दाखवतो. न दिसणारा वायू त्याच्या कक्षेबाहेरचा.

वायू पाहण्याची विद्या वेगळ्या वाटेने आली. १९७८ च्या निंबस-७ उपग्रहावरील उपकरण ओझोन मोजण्यासाठी होते. १९८२ मध्ये मेक्सिकोतील एल चिचोन ज्वालामुखीचा सल्फर डायऑक्साइड त्याने टिपला. परतणाऱ्या सूर्यप्रकाशातून प्रत्येक वायू ठरावीक रंगलहरी गिळतो, तीच त्याची खूण. याच तत्त्वावर चालणारे ट्रोपोमी हे उपकरण ऑक्टोबर २०१७ मध्ये युरोपच्या सेंटिनेल-५पी उपग्रहासोबत अवकाशात गेले.

त्याची एक चौकट साधारण ५.५ गुणिले ३.५ किलोमीटरची. एवढ्या जागेत कारखान्यासोबत वडखळच्या महामार्गावरची वाहतूकही सहज मावते. म्हणून एका दिवसाच्या चित्रावरून कोणालाही दोषी धरता येत नाही. अनेक दिवसांची चित्रे वाऱ्याच्या दिशेप्रमाणे वेगळी करून सरासरी काढली, तर उगमाकडे बोट दाखवता येते. शिवाय हा आकडा जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेच्या स्तंभाचा असतो. आपली २००९ ची राष्ट्रीय मानके श्वासाच्या उंचीवरच्या हवेसाठी आहेत. पीएम-१० साठी २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. हे दोन आकडे परस्पर ताडून पाहता येत नाहीत.

खरी अडचण वेळेची आहे. ट्रोपोमी आपल्या डोक्यावरून जातो तो दुपारी दीडच्या सुमारास. तेव्हा ऊन तापलेले असते, खाडीवरचा वारा सुटलेला असतो आणि हवा उंचवर मिसळलेली असते. हिवाळ्याच्या रात्री थंड हवा जमिनीलगत बसते आणि धूर खालीच कोंडतो. पण सूर्यप्रकाशावर चालणारे उपकरण रात्री आंधळे असते. पावसाळ्यात ढग आड येतात. रात्री धूर वाढतो, ही औद्योगिक वसाहतींशेजारच्या गावांची नेहमीची तक्रार. तिच्यावर उपग्रहाचे स्वच्छ चित्र हे उत्तर होऊच शकत नाही.

रोह्याच्या धाटाव वसाहतीपासून डोलवीपर्यंत हाच नियम लागू आहे. दूषित चौकट हा पुरावा असतो. कोरी चौकट म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. उपग्रहाच्या नोंदीशेजारी गावातल्या यंत्राची रात्रीची तासातासाची नोंद हवी आणि ती सर्वांना पाहता यायला हवी. त्याशिवाय खाडीकाठच्या हवेचा इतिहास फक्त दुपारचाच राहील.