गायकाचा मायक्रोफोन : एका ऐतिहासिक साधनाची कुळकथा

महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास लिहूं जाणारास सर्वांत मोठी अडचण पडते ती साधनांची. राज्यकारभाराच्या इतिहासास दप्तरें आहेत, घराण्यांच्या इतिहासास सनदा व ताम्रपट आहेत. परंतु गाणें हें हवेंत उमटून हवेंतच विरणारें असल्यामुळें त्याचें दप्तर राहात नाहीं. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. शिष्यपरंपरेनें त्यांची कीर्ति राखिली, पण त्यांचा आवाज कसा होता हें सांगणारी एकहि ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाहीं. अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात होते. त्या काळीं मुंबईंत नभोवाणी होती, मुद्रिका काढणाऱ्या कंपन्या होत्या, तरी त्यांच्याहि गायकीचें अस्सल साधन आपल्या हातीं नाहीं. उलट अब्दुल करीमखाँ यांच्या मुद्रिका दोन काळांतल्या आहेत. कांहीं १९०५ च्या सुमारास कर्ण्यांत गाइलेल्या, व कांहीं १९३० नंतरच्या दशकांत मायक्रोफोनपुढें गाइलेल्या. दोहोंतील आवाज निराळा वाटतो. हा फरक वयाचा किती, साधनेचा किती, आणि मध्यें उभ्या असलेल्या यंत्राचा किती, हा प्रश्न टाळून त्या मुद्रिकांवरून अनुमानें काढणें म्हणजे नकलकार कोण हें न पाहतां बखरीच्या पाठावर भरंवसा ठेवण्यासारखें आहे.

प्रस्तुत लेखांत या नकलकाराचीच हकीकत सांगावयाची आहे. सभेंत गावयास आणि घरीं ध्वनिमुद्रण करावयास एकच टिकाऊ मायक्रोफोन घ्यावयाचा झाल्यास कोणता घ्यावा, असा प्रश्न आज भजनी मंडळांपासून ख्यालगायकांपर्यंत सर्वत्र विचारला जातो. तो निव्वळ बाजाराचा प्रश्न समजतात. माझ्या मतें त्याचें उत्तर इतिहासांत आहे. कारण आज गायकाच्या हातीं जो मायक्रोफोन दिसतो त्याच्या अंगचे गुण निरनिराळ्या सालीं, निरनिराळ्या गरजांपोटीं उत्पन्न झालेले आहेत, आणि केवळ गायक डोळ्यांपुढें ठेवून शोधून काढिलेला असा त्यांतील क्वचितच एखादा असेल.

प्रथम नांवाविषयीं. मराठींत ‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द ज्यांतून आवाज बाहेर पडतो त्या कर्ण्यासहि लावितात व ज्यांत आवाज शिरतो त्या यंत्रासहि लावितात. हा घोटाळा आहे. एक ध्वनि फेंकतो, दुसरा ग्रहण करितो. दुसऱ्यास ‘ध्वनिग्राहक’ म्हणणेंच युक्त. पण लोकांनीं ‘माईक’ शब्द पत्करला आहे, आणि रूढीपुढें व्युत्पत्तीचें चालत नाहीं. मूळ ‘मायक्रोफोन’ हा शब्द इंग्लंडांत चार्ल्स व्हीटस्टन यानें १८२७ सालीं सूक्ष्म ध्वनि मोठा करणाऱ्या एका साध्या उपकरणास लाविला. विजेशीं त्याचा तेव्हां कांहीं संबंध नव्हता. डेव्हिड ह्यूज यानें १८७८ सालीं कोळशाच्या सैल स्पर्शावर चालणारा विजेचा ग्राहक दाखविला, तेव्हांपासून तो शब्द आजच्या अर्थानें रूढ झाला.

या यंत्रावांचून गाणाऱ्यांनीं शेंकडों वर्षें काय केलें? त्यांनीं जागा आवाजाच्या मापानें बांधली. भरताच्या नाट्यशास्त्रांत मध्यम विकृष्ट प्रेक्षागृह ६४ हात लांब व ३२ हात रुंद असावें असें सांगून, याहून मोठ्या गृहांत उच्चारलेले पाठ्य अस्पष्ट होतें असें कारणहि दिलें आहे. आमची संगीत रंगभूमि १८८० सालीं ‘शाकुंतला’पासून सुरू झाली ती याच अटीवर, फक्त जागा मोठी होत गेली आणि तिला पुरून उरण्याची जबाबदारी नटाच्या गळ्यावर पडली. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस झालेला ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग, ज्यांत बालगंधर्व भामिनी व केशवराव भोसले धैर्यधर होते, तो विजेच्या साह्यावांचून झाला. त्या पिढीच्या आवाजांतील ठाशीवपणा ही केवळ आवडीची बाब नव्हती, ती शेवटच्या रांगेची मागणी होती. मुद्रणाच्या कर्ण्याचीहि मागणी तीच. नोव्हेंबर १९०२ मध्यें कलकत्त्यास फ्रेड गैस्बर्ग यानें गौहरजान हिचें गाणें मुद्रित केलें, तेव्हां गळ्यांतून निघालेल्या हवेच्या कंपनांनींच सुई हालवून मेणावर रेघ ओढावयाची होती. मंद्रांतला हळुवार स्वर तेथें उमटणेंच कठीण. आणि सुमारें तीन मिनिटांत राग आटोपावयाचा, हा जाच वेगळाच.

विजेवर चालणारें मुद्रण १९२५ सालीं अमेरिकेंत सुरू झालें व स्थिति पालटली. मात्र त्या वेळीं हाताशीं असलेले ग्राहक एकतर बेसूर किंवा नाजूक होते. कोळशाच्या ग्राहकांत सतत खरखर असे. ई. सी. वेन्ट याचा १९१६ चा धारित्रावर चालणारा ग्राहक, ज्यास आज ‘कंडेन्सर’ म्हणतात, आवाज अत्यंत प्रामाणिकपणें टिपी. पण त्यास बाहेरून वीज पुरवावी लागे, त्याच्या लगतच वर्धक ठेवावा लागे, आणि दमट हवा त्यास सोसत नसे. अमेरिकेंत १९३० नंतर गाजलेला फितीचा ग्राहक तर अतिशय पातळ धातुपट्टीवर चाले. त्यावर जोरानें फुंकर मारली तरी फीत ताणून निकामी व्हावी. (आमच्या स्नेहसंमेलनांत व्यासपीठावर येणारा प्रत्येक वक्ता प्रथम माईकवर टिचक्या मारून फुंकतो. फितीच्या माईकाचें आयुष्य अशा सभेंत एका भाषणापुरतेंच ठरलें असतें.)

टिकाऊपणाची मुळें येथून पुढें शोधावीं लागतात. १९३१ सालीं वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीनें वेन्ट व थ्यूरस यांनीं सिद्ध केलेला फिरत्या वेटोळ्याचा ग्राहक बाजारांत आणिला. याची रचना सोपी आहे. पातळ पडद्यास तारेचें हलकें वेटोळें चिकटविलेलें असतें व तें लोहचुंबकाच्या फटींत लोंबतें. आवाजानें पडदा हालला कीं वेटोळें हालतें आणि तारेंत वीज उत्पन्न होते. बाहेरची वीज नको, लगतचा वर्धक नको, दमटपणाचें भय थोडें. सभेंत वापरण्याचे बहुतेक सर्व माईक आजहि याच जातीचे आहेत. व्यवहारांत त्यांस ‘डायनॅमिक’ म्हणतात.

परंतु नुसता मजबूत ग्राहक सभेच्या कामाचा नव्हे. सभेंत कर्ण्यांतून निघालेला आवाज पुन्हां माईकांत शिरतो, तो वाढून पुन्हां कर्ण्यांतून निघतो, आणि क्षणांत ती कर्णकर्कश शिट्टी सुरू होते, जी प्रत्येक गणेशोत्सवांत ऐकूं येते. हिच्यावर उपाय एकच : माईकानें समोरचें ऐकावें व पाठीमागचें ऐकूं नये. पूर्वी याकरितां दोन निरनिराळे ग्राहक एकाच डब्यांत बसवीत. तो प्रकार जड व खर्चाचा. १९३९ सालीं शिकागोच्या शूर कंपनींतील बेंजामिन बॉअर या अभियंत्यानें एकाच ग्राहकांत हें साधलें. त्यानें पडद्याच्या मागच्या बाजूस आवाजास वाट ठेविली, पण त्या वाटेंत अडथळा घालून आवाज किंचित् उशिरा पोंचेल अशी योजना केली. पाठीमागून आलेला ध्वनि पुढून वळसा घालून व मागच्या अडखळत्या वाटेनें असा पडद्याच्या दोन्ही अंगांस एकाच वेळीं पोंचतो, दाब समान होतो, पडदा हालतच नाहीं. समोरून आलेल्या ध्वनीची गोष्ट उलट. त्याच्या पुढच्या व मागच्या दाबांत अंतर पडतें व पडदा हालतो. माझ्या मतें या सर्व इतिहासांतील खरी प्रतिभा येथें आहे. हा ‘युनिडाइन ५५’ पुढें पुढाऱ्यांच्या व गायकांच्या छायाचित्रांत इतका दिसूं लागला कीं जुन्या काळचा माईक म्हटला म्हणजे त्याचीच जाळीदार चंदेरी आकृति डोळ्यांपुढें येते.

त्याच वाटेनें एक दोषहि शिरला. तोंड अगदीं जवळ नेलें कीं अशा माईकांत खर्जाचा भाग फुगतो. गुण व दोष दोन्ही त्या मागच्या छिद्राचेच. पुढें गायकांनीं हा दोष अलंकार म्हणून पत्करला. हळू, कुजबुजत्या, भरदार आवाजांत गाण्याची जी चाल बोलपटांनंतर पसरली तिला माईकाचा सामान्यतः व या खर्जाचा विशेषतः मोठा आधार आहे. मुद्रणावरून एखाद्या गायकाचा मंद्र वजनदार होता असें लिहिण्यापूर्वीं माईक तोंडापासून किती अंतरावर होता हें विचारावें तें याचसाठीं.

बॉअरचा माईक खांबावर उभा असे. तो हातांत घेऊन गावयाचें म्हटलें कीं बोटांची घासणी व दणके ऐकूं येत. याच कंपनीच्या अर्नी सीलर यानें १९५९ सालीं ‘युनिडाइन ३’ तयार केला. त्यांत आवाज बाजूनें न घेतां टोंकाकडून घेतला जातो, म्हणून तो मुठींत धरतां येतो. यावरूनच १९६५ सालीं ‘एसएम ५७’ व १९६६ सालीं गोल जाळीचा ‘एसएम ५८’ निघाला. यांत ग्राहक हवेच्या गादीवर झुलता बसविला असल्यामुळें हाताचे धक्के आंत पोंचत नाहींत. ‘एसएम’ म्हणजे ‘स्टुडिओ मायक्रोफोन’. म्हणजे जो माईक पुढें सभागायनाचें चिन्ह बनला त्याचें नांवच बंद खोलीसाठीं ठेविलेलें होतें. उंचावरून टाकणें, तापविणें, मिठाच्या फवाऱ्यांत ठेवणें, पाण्यांत बुडविणें अशा कसोट्या लावून सीलरनें तो घडविला. स्वतः सीलर अभिजात संगीताचा भोक्ता असून रॉक संगीत त्यास रुचत नसे असें सांगतात; आणि त्याच्या माईकास लोकमान्यता मिळाली ती नेमकी रॉक गायकांकडून. ‘द हू’ या इंग्लिश वाद्यवृंदाचा गायक रॉजर डॉल्ट्री माईक तारेस धरून गोफणीसारखा गरगर फिरवीत असे. वाद्याची ही विटंबना आम्हांस रुचणारी नाहीं, पण परीक्षा म्हणून ती कडक होती खरी. स्पर्धकांतहि असे प्रकार चालत. मिशिगन राज्यांतील ब्युकॅनन येथील इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीचा एक माईक खिळे ठोकून दाखविण्याबद्दल प्रसिद्ध होता, व त्यास ‘ब्युकॅननचा हातोडा’ असें नांव पडलें होतें.

आतां निवडीचा प्रश्न. ‘एसएम ५८’ दर सेकंदास ५० पासून १५,००० पर्यंतचीं कंपनें टिपतो व त्यांतील व्यंजनें स्पष्ट करणारा वरचा पट्टा जरा उठावदार करितो. वजन सुमारें ३०० ग्रॅम. सेनहायझर व एकेजी यांचेहि याच जातीचे उत्तम माईक आहेत. कोणताहि घ्या, धातूचें अंग, बदलतां येणारी जाळी, तीन टोंकांची पक्की तारजोडणी, व शक्य तर बटणरहित रचना पाहावी. ऐन गाण्यांत चुकून दबतें तें बटणच. बाजारांत बनावट नगांचा सुळसुळाट असल्यामुळें अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा. माईकापेक्षां तार लवकर तुटते, म्हणून दोन तारा बाळगाव्या. जाळी काढून तींतील स्पंज साबणाच्या पाण्यानें धुतां येतो. तो पुरता वाळल्यावरच परत बसवावा.

घरीं हाच माईक उपयोगी पडतो याचें कारण त्याचा मंदपणा. कंडेन्सर माईक आज पूर्वीइतका नाजूक राहिला नाहीं व स्वस्तहि झाला आहे. पण तो पंखा, रस्ता व शेजारचा कुकर सारें इमानानें टिपतो. डायनॅमिक माईक जवळचें घेतो व दूरचें सोडतो. १९८२ सालच्या मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ संग्रहाचें गायन याच जातीच्या, १९७३ सालीं निघालेल्या ‘एसएम ७’ वर मुद्रित झालें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे डायनॅमिक हा सभेपुरताच, हा समज टिकत नाहीं. मात्र त्याची वीज क्षीण असल्यामुळें चांगला वर्धक पाहिजे. तोंडापासून चार बोटें अंतर ठेवावें व माईक किंचित् तिरपा धरावा. कारण ‘फ’ व ‘भ’ हे वर्ण ओष्ठ्यहि आहेत आणि महाप्राणहि, त्यांचा झोत सरळ पडद्यावर आदळतो.

देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास राहिलेल्या शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकरांत गायकाचे २५ दोष सांगितले आहेत. त्यांत दांत चावून गाणारा ‘संदष्ट’, वारंवार सूत्कार करणारा ‘सूत्कारी’, व तोंड भयंकर पसरणारा ‘कराली’ हे आहेत. ६४ हातांच्या प्रेक्षागृहांत सूत्कार मागच्या रांगेस ऐकूं येत नसेल; चार बोटांवरच्या माईकास तो प्रथम ऐकूं येतो. उलट ‘कराली’ला आतां निमित्तच उरलें नाहीं.

एका प्रकारच्या कामांत मात्र हा टिकाऊ माईक मी सुचविणार नाहीं. गी प्वातवँ व हेमा राईरकर यांच्या प्रयत्नानें खेड्यांतील स्त्रियांच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. शब्द हातीं लागले. ध्वनिमुद्रण झालें तें त्यांतील थोड्यांचेंच, आणि जातें आतां बहुतेक घरांतून गेलें आहे. ज्या वृद्धांच्या गळ्यांत त्या चाली अद्याप आहेत त्यांचा आवाज क्षीण असतो, आणि जात्याची घरघर व मध्येंच साथ धरणारी दुसरी बाई हाहि पुराव्याचाच भाग असतो. तेथें माईक तोंडाशीं नेला तर खर्ज फुगेल व जातें नाहींसें होईल. अशा वेळीं हात-दीड हातांवर ठेविलेला कंडेन्सरच योग्य, मग पंख्याचा आवाज आला तरी चालेल. पंखा बंद करितां येतो. मुद्रणाच्या आरंभीं गाणारणीचें नांव, तिची परवानगी असल्यास, गांव, तिथि, माईकाची जात व त्याचें अंतर हीं तिच्याच समोर मोठ्यानें बोलून नोंदवावीं. वेगळ्या कागदावर लिहिलेली टीप मुद्रणापासून लवकर तुटते.