म्हातारपणाचे घर आणि तीन मजल्यांचा जिना

इस्राएलमध्ये बसने प्रवास करणाऱ्या आपल्या वाचकांनी पुढच्या आसनांजवळची एक पाटी पुष्कळदा पाहिली असेल. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायाचा आधार घेऊन ती तरुणांना सांगते की, पांढऱ्या केसांचा मान राखा आणि उठून उभे राहा. बसमधली जागा सोडायला एक क्षण पुरतो. परंतु वृद्ध माणसाला राहावयास घर कोठे आणि कसे द्यावे, हा प्रश्न या देशाला गेली पंचाहत्तर वर्षे पडलेला आहे, आणि आज तो आपल्या समाजाच्या दाराशीही येऊन ठेपला आहे.

माझ्या मावशी लोदला एका जुन्या शिकूनमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात. ठाण्याहून आल्या तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. एका हातात भाजीची पिशवी आणि कडेवर मूल घेऊन त्या तो जिना दिवसातून चार वेळा चढत. आज जिना तोच आहे, लिफ्ट नाही, आणि मावशी आठवड्यातून एकदाच खाली उतरतात. गेल्या वर्षी एका बांधकाम कंपनीचा माणूस त्यांच्याकडे कागदांचा गठ्ठा घेऊन आला. इमारत पाडून तेथे उंच मनोरा उभारायचा आहे, तुम्हाला नवे घर मिळेल, येथे सही करा, असे त्याने सांगितले. मावशींनी त्याला चहा दिला आणि सही केली नाही. ती का केली नाही हे समजून घ्यावयाचे असेल तर थोडे मागे जावे लागेल.

१९४८ साली देश स्थापन झाला तेव्हा पासष्ट वर्षांवरील माणसे लोकसंख्येत सुमारे ४ टक्केच होती. तो तरुणांचा देश होता आणि तरुणच हवे होते. १९५० साली माआबारोत, म्हणजे नव्याने आलेल्यांच्या तात्पुरत्या वसाहती, सुरू झाल्या. १९५१ च्या अखेरीस तंबू, पत्रे आणि कापडी झोपड्यांत दोन लाखांहून अधिक लोक राहत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सोखनुतने नियम केला की, ज्या देशांतील यहुद्यांच्या जिवाला तातडीचा धोका नाही तेथून येणाऱ्यांपैकी ८० टक्के पस्तिशीच्या आतले असावेत. वृद्ध आईबापांनी यावे, पण त्यांना पोसणारा कमावता हात बरोबर असावा, असा त्याचा अर्थ. दहा आज्ञांतली पाचवी आज्ञा नित्य वाचणाऱ्या लोकांनी असा नियम करावा, हे ऐकावयास कठोर वाटते. पण तिजोरी रिकामी होती आणि धान्यसुद्धा शिधापत्रिकेवर मिळत होते, हेही विसरून चालणार नाही.

जे वृद्ध, अपंग आणि दीर्घ आजारी लोक येऊन पोहोचले होते, त्यांच्यासाठी १९४९ साली अमेरिकेतील जॉइंट या संस्थेने मालबेन उभी केली. ब्रिटिश लष्कराने सोडलेल्या छावण्या तिने ताब्यात घेतल्या आणि तेथे वृद्धाश्रम व इस्पितळे थाटली. मालबेनने हजारो निराधारांना छप्पर, अन्न आणि औषध दिले. हे उपकार मोठेच. परंतु या जागा बहुधा वस्तीपासून दूर होत्या. तेथे माणूस जगत होता, पण त्याला नावाने हाक मारणारे ओळखीचे कोणी नव्हते. पुढे मालबेनच्याच लोकांना हे उमगले, आणि वृद्धाला त्याच्या घरीच ठेवून मदत तेथे पोहोचवावी असा विचार मूळ धरू लागला. १९६९ साली जॉइंट आणि सरकार यांनी मिळून एशेल ही संस्था काढली. गावोगावी वृद्धांची दिवसाची केंद्रे उभी राहिली, ती बव्हंशी तिच्या प्रयत्नाने. १९८६ साली होक सिऊद हा शुश्रूषेचा कायदा झाला आणि १९८८ च्या एप्रिलपासून बितुआह लेउमीकडून घरी मदतनीस मिळू लागली. आज आपल्या कित्येक आजीआजोबांच्या घरी येणारी मेटापेलेत याच कायद्याने येते. कधी ती भारतातूनच आलेली असते, आणि मग स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येतो.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस केहिला तोमेखेतचा प्रयोग यरुशलेममध्ये सुरू झाला. एका वस्तीतील दोन-तीनशे घरे मिळून एक अव केहिला नेमावयाचा. तो नळ दुरुस्त करतो, विचारपूस करतो. घरात संकटसमयी दाबावयाचे बटण असते, डॉक्टरला बोलावता येते, आणि महिन्याला लहानशी वर्गणी भरावी लागते. आपल्या चाळीत हे काम वर्गणीवाचून होत असे. सकाळी दार उघडले नाही की शेजारीण हाक मारी. जे मुंबईला गॅलरीमुळे सहज घडत होते, ते येथे योजना आखून घडवावे लागले. तरीही योजना चांगली होती, कारण माणसाला त्याच्या माणसांतच ठेवावे हे तिने ओळखले होते.

परंतु या सर्व सुधारणा घराच्या आतल्या होत्या. जिन्याला कोणी हात लावला नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत अमिदार आदी कंपन्यांनी भराभर बांधलेली शिकूने तीन-चार मजल्यांची, लिफ्टवाचून आणि लहान खोल्यांची होती. आपले बहुतेक लोक अशाच इमारतींत उतरले. दिमोना, येरुहाम, बैरशेबा, अश्दोद, लोद, रामले ही सारी तेव्हा तरुण गावे. तेथे जी जोडपी एकाच सुमारास आली, ती एकाच सुमारास म्हातारी झाली, आणि इमारतीही त्यांच्याबरोबरच. मुले नोकरीसाठी दुसरीकडे गेली. गाव म्हातारे होते ते असे. आज देशात पासष्टीपुढील लोक १२ टक्क्यांहून अधिक आहेत.

१९९० च्या दशकात सोव्हिएत संघातून जवळजवळ दहा लाख लोक आले आणि त्यांत वृद्ध पुष्कळ होते. त्यांच्यासाठी सरकारने आणि अमिगूरसारख्या कंपन्यांनी एका खोलीची वृद्धगृहे, ज्यांना लोक होस्टेल म्हणतात, उघडली. तेथे लिफ्ट आहे, देखरेख आहे, भाडे थोडे आहे. पण प्रतीक्षायादी लांब आहे. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्यासाठी दियुर मुगान आहे. तेथे मोठी ठेव द्यावी लागते, दरवर्षी तिचा काही भाग वजा होतो आणि दरमहा खर्च वेगळा. २०१२ साली कायद्याने त्या व्यवहाराला शिस्त लावली. तरी ती जागा आपल्या सामान्य निवृत्त माणसाच्या आवाक्यातली नव्हे.

उरली सरकारी घरे. १९९८ साली रान कोहेन यांच्या कायद्याने भाडेकरूला आपले घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. तो लगेच पुरता अमलात आला नाही, पण त्याने आणि इतर विक्री-योजनांनी आपल्यातील अनेक कुटुंबे मालक झाली. दुसरी बाजू अशी की, विकलेल्या घरांच्या मानाने नवी घरे घेतली गेली नाहीत आणि सरकारी घरांचा साठा निम्म्यावर आला. गुडघे दुखतात म्हणून तळमजल्यावर बदली मागणाऱ्या भाडेकरूला मग वर्षानुवर्षे थांबावे लागते.

आता पिनुई-बिनुईकडे वळू. जुनी इमारत पाडायची, तेथे अधिक मजल्यांची बांधायची, आणि जादा घरे विकून बांधकामवाल्याने खर्च व नफा काढायचा, अशी ही योजना. तिचे फायदे खरे आहेत. १९९२ नंतरच्या बांधकामात प्रत्येक घरी मामाद, म्हणजे सुरक्षित खोली, असावी लागते. जुन्या शिकूनमध्ये ती नसते. २०२५ च्या जूनमध्ये इराणची क्षेपणास्त्रे येत होती तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचा वृद्ध माणूस मिक्लाटपर्यंत कसा पोहोचणार, हा प्रश्न कित्येक घरांत पडला होता. मावशी जिन्यातच बसून राहिल्या. शेजारची मोरोक्कन बाई त्यांचा हात धरून बसली.

पण दोष दोन आहेत. पहिला हा की, योजना नफ्यावर चालते, म्हणून जेथे जमीन महाग तेथेच ती लवकर येते. दिमोना, येरुहामची शिकूने मागे राहतात. दुसरा हा की, तीन-चार वर्षे दुसरीकडे भाड्याने राहावे लागते. भाडे कंपनी देते, पण ऐंशीव्या वर्षी चार वर्षे म्हणजे किती, हे त्या वयाच्या माणसालाच विचारावे. परत आल्यावर मनोऱ्याचा वाअद बायितचा खर्च जुन्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. मुंबईत पागडीच्या जुन्या इमारती पाडल्या जातात तेथेही म्हातारी माणसे हीच भीती बोलून दाखवतात.

या भीतीची दखल कायद्याने घेतली आहे. २००६ च्या कायद्यानुसार, बहुसंख्य मालक राजी असता अकारण अडवणाऱ्यावर दावा करता येतो, आणि २०२१ साली लागणारे बहुमत ८० टक्क्यांवरून दोन-तृतीयांशावर आणले गेले. मात्र २०१८ च्या दुरुस्तीने ठराविक वयापुढील मालकाला निराळे पर्याय द्यावेत असे ठरवले. दुसरीकडे तयार घर, वृद्धगृहात जागा, किंवा लहान घर व उरलेली रक्कम, अशांपैकी ते असू शकतात. असे पर्याय न देता सही मागितली, तर वृद्धाचा नकार अवाजवी धरता येत नाही. हे आपल्या किती वृद्धांना ठाऊक आहे? कागद हिब्रूत असतात, अक्षरे बारीक असतात, आणि आलेला माणूस घाईत असतो.

म्हणून तरुण वाचकांना विनंती की, आईबाबांनी सही करण्यापूर्वी एक संध्याकाळ त्यांच्याजवळ बसा आणि कागद त्यांना मराठीत वाचून दाखवा. कंपनीकडून पैसे न घेणारा, आपला स्वतंत्र वकील पाहा. आणि त्यांना काय हवे ते विचारा. आपल्याला काय सोयीचे ते नंतर पाहू.

मी मावशींना विचारले, सही का नाही केलीत? त्या म्हणाल्या, “मला घर मिळेल रे, पण ही समोरची कुठे जाईल ते त्याला सांगता आले नाही.” आता आम्ही दोन्ही घरांचे कागद एकत्रच वकिलाकडे नेले आहेत. दोघींना एकाच मजल्यावर, जवळपासच तयार घरे मिळावीत अशी मागणी लिहून दिली आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.