कागद मुंबईला गेला, माती गावात राहिली

महाडात मी मुलांना चित्र आणि शिल्प शिकवते हे कळलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसवता का?’ दुसरा, ‘ए ग्रेड येईल ना?’ शिल्पाचं कुणी विचारत नाही. विचारलंच तर श्रावणात, गणपती तोंडावर आले की. ‘ताई, दोन दिवसांत मूर्ती शिकवाल का?’ मी या पालकांना बोल लावत नाही. हे प्रश्न त्यांनी काढलेलेच नाहीत. त्यांच्या आजोबांच्या शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी ते घालून दिलेत, आणि त्या मास्तरांना मुंबईने.

मुंबईतली गोष्ट थोडक्यात सांगते. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि २ मार्च १८५७ रोजी त्यांच्या नावाची कलाशाळा, म्हणजेच जे.जे., सुरू झाली. चित्रकार घडवावेत असा हेतू त्यामागे नव्हता. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात आपल्याकडच्या कारागिरीची वाहवा झाली होती. ती कारागिरी टिकावी, सुधारावी, धंद्याला उपयोगी पडावी, म्हणून सुतार, लोहार, कुंभार यांच्या मुलांना शिकवायचं होतं. ती मुलं फारशी आलीच नाहीत. कामाच्या वयाचा पोरगा चार वर्षं रेघा मारायला कोण पाठवणार? जागा भरल्या त्या मुख्यतः लिहित्या-वाचत्या घरांतल्या मुलांनी. अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनचा होता. आधी सरळ रेघ, मग वळणदार रेघ, मग पान, मग फुलदाणी, आणि हे सगळं समोरच्या छापील नमुन्यावरून. १८७९ मध्ये ड्रॉइंग हा शिकवण्याचा विषय म्हणून आला, १८९३ मध्ये ड्रॉइंगचे शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला. तिथून शिकलेले मास्तर जिल्ह्याजिल्ह्यांत पसरले. फ्रीहँड, नेचर, मॉडेल, मेमरी, जॉमेट्री हे शब्द आमच्याकडची सत्तरीतली माणसं अजून पाढ्यासारखे म्हणून दाखवतात.

आता गंमत अशी की जे.जे.मध्ये माती भरपूर होती. १८६५ मध्ये तिथे लॉकवूड किपलिंग आले ते मुळी इमारतींवरचं शिल्पकाम शिकवायलाच. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरचे उठाव त्यांचे. पुढे व्ही.टी. स्टेशनच्या अंगाखांद्यावर जी पानंफुलं, प्राणी, मुखवटे दिसतात, त्यांत तिथल्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. मुंबईहून गावोगावच्या शाळांत मात्र फक्त पेन्सिल आली. माती आली नाही.

का आली नाही, याचं माझं उत्तर साधं आहे. कागदाची गुंडाळी होते. परीक्षेच्या खोलीत मुलाने काढलेलं चित्र बांधून, लाखेने मोहोर करून मुंबईला पाठवता येतं. तिथे परीक्षक एका बैठकीत शेकडो कागद पाहून ग्रेड देऊ शकतो. मातीचं काय करणार? बाणकोटच्या खाडीतून महाडापर्यंत गलबतं येत-जात त्या काळात मुलाने केलेला मातीचा बैल मुंबईपर्यंत शिंगांसकट पोचला असता का? आज एस.टी.ने पाठवला तरी पोचणार नाही. परीक्षकापर्यंत जे जाऊ शकतं तेच परीक्षेत आलं, परीक्षेत आलं तेच वर्गात शिकवलं गेलं, आणि वर्गात शिकवलं गेलं तीच ‘कला’ ठरली. १९६५ मध्ये कला संचालनालय झालं, ड्रॉइंगच्या या परीक्षा त्याच्याकडे आल्या, विषयांची नावं मराठी झाली. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती, अक्षरलेखन. सगळं कागदावरचं. हाताला ओल लागेल असं त्यात काही नाही.

म्हणून माती गावातच राहिली, आणि तिची स्वतःची शाळा गावात चालू राहिली.

माझं आजोळ पेण तालुक्यातलं हमरापूर. मामाचा गणपतीचा कारखाना. मे महिन्याची सुट्टी म्हणजे तिकडे जायचं आणि पहिल्या दिवसापासून कामाला लागायचं. तिथे ‘शिकवणं’ नावाचा प्रकारच नव्हता. लहान पोरांनी शाडू भिजवायचा, मळायचा, खडे काढायचे. हात बसला की साच्यात माती दाबायची. मग साच्यातून निघालेल्या गणपतीचे हात, सोंड, कान जोडायचे, सांधे ओल्या बोटाने बुजवायचे. जोड दिसला तर मामा काही बोलायचा नाही, अंगठ्याने तो कान उपटून परत हातात द्यायचा. रंगकाम त्यानंतर. आणि डोळ्यांची आखणी अगदी शेवटी, तीही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. कारखान्यातला एखादाच माणूस आखणी करतो. तो बसला की पंखा बंद होतो आणि पोरांना बाहेर हाकलतात. ही पायरीपायरीची शिस्त साउथ केन्सिंग्टनपेक्षा कमी कडक नव्हती. फरक इतकाच की इथे पहिल्या दिवसाच्या मळणीलाही उपयोग होता. मुलाने मळलेली माती संध्याकाळपर्यंत गणपती झालेली असायची.

कारखान्याचं मी उगाच गुणगान करणार नाही. साचा हाही एक छापील नमुनाच. शेकडो गणपतींची सोंड जोडलेल्या मुलाला कुत्रा करायला सांगितला की तो आधी साचा शोधतो. शिवाय तो शाडू आमच्या मातीतला नाही, गुजरातेतून येतो. पुढे प्लास्टर आलं तेव्हा मळणीच गेली, आणि मळणीबरोबर लहान पोरांचं कामही गेलं.

घरातल्या बायकांचं काम तर कुणी मोजलंच नाही. मी पोतं, काथ्या, गंजलेला पत्रा, कागदाचा लगदा, फुटक्या कौलांची पूड असं एकत्र करून काम करते. त्याला प्रदर्शनात ‘मिश्र माध्यम’ अशी पाटी लागते आणि लोक विचारतात, हे सुचलं कुठून. तेरड्याची गौर पाहिलेल्या माणसाने असं विचारू नये. रानातून मुळासकट आणलेली तेरड्याची जुडी, तिला लुगडं, वर मुखवटा किंवा नुसतं कागदावरचं चित्र, गळ्यात खरा दागिना. तासाभरात समोर बाई उभी! माझी काकू ती उभी करताना एकदा मागे सरून डोळे बारीक करून पाहायची आणि जुडी जराशी कलती करायची. तेवढ्या कलण्याने गौर ‘आलेली’ वाटायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, निदान शाळेने तरी नाही.

कागदाचा रस्ता आणि मातीचा रस्ता एकाच माणसात मिळाले, असं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. तेव्हा त्याला कुलाबा म्हणत, रायगड हे नाव १९८१ चं. विनायक पांडुरंग करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याचे, जन्म १८९१. घरी शेती आणि गणपतीच्या मूर्ती. सासवण्यातल्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने शिवाजी महाराजांचं चित्र काढलेलं होतं. ते जिल्ह्याचा कलेक्टर ऑटो रोथफेल्ड याच्या पाहण्यात आलं आणि त्याने मुलाला जे.जे.मध्ये धाडण्याची व्यवस्था केली. पुढे कलकत्ता, लंडन, आणि १९२८ मध्ये पुण्यातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा. नंतर ते सासवण्याला घर बांधून राहिले आणि सिमेंटमध्ये माणसं, जनावरं घडवत राहिले. तिथे मुलांना घेऊन गेलं की ती आधी पुतळ्यांना हात लावतात, मग विचारतात, हे खरंच सिमेंट आहे? घराच्या स्लॅबचं?

या गोष्टीत कलेक्टरची वाहवा होते. मला मात्र ती भिंत महत्त्वाची वाटते. मुलाला कुणीतरी देवळाच्या भिंतीवर चित्र काढू दिलं होतं. प्रत्येक मुलाला ते जमलं असतं का? महाडात बसून हा प्रश्न टाळता येत नाही. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे आणि शाळा सगळ्यांना खुल्या म्हटल्या, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठराव केला, तरीही २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं. ज्या गावात ओंजळभर पाण्यासाठी एवढं करावं लागलं, तिथे देवळाची भिंत आणि रंगाची वाटी कुणाच्या पोराच्या हाती पडत होती हे वेगळं सांगायला नको. कलेक्टरच्या नजरेस न पडलेल्या पोरांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही.

माती वर्गात आणणारी माणसं महाराष्ट्रात झाली, पण ती परीक्षेच्या रस्त्याने आली नाहीत. सेवाग्रामला १९४४ पासून देवी प्रसाद मुलांना चित्रं आणि मातीकाम शिकवत होते. स्वतः ते कुंभारकाम करत. बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गावातली बालवाडी सुरू केली, पुढे कोसबाडला गेल्या. विकतच्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पानं, माती यांतून मुलांसाठी साधनं केली. मी हे सगळं फार उशिरा वाचलं. तोवर माझ्या वर्गात चिंचोके आणि काड्या आल्याच होत्या, कारण रंगपेटी प्रत्येकाला परवडत नव्हती.

बाहेरगावचे पाहुणे मला एक सल्ला हमखास देतात, ‘तुमच्याकडे दर वर्षी पुराची माती येते, त्यातून मुलांना शिल्प करायला द्या ना, किती अर्थपूर्ण!’ २२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्री आणि गांधारी या नद्या महाडच्या बाजारपेठेत शिरल्या, त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला. पाणी ओसरल्यावर दुकानांत जो गाळ होता त्याला डिझेलचा, गटाराचा, कुजलेल्या धान्याचा वास होता. लोक लेप्टोस्पायरोसिसच्या धास्तीने गमबूट घालून तो उपसत होते. तो गाळ मी कुठल्याही मुलाच्या हातात दिला नाही, देणारही नाही. माती आणायची तर शेताच्या बांधावरची, उन्हाळ्यात, खणून, वाळवून, कुटून, चाळून. आमची लाल माती थोडी फाटते. तिच्यात भाताचा कोंडा आणि कागदाचा लगदा मिसळला की बऱ्यापैकी धरते.

दगडासाठी गांधारपाले आहे. महामार्गाला लागूनच लेणी, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. काणभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराने लेणं आणि चैत्यगृह दान दिल्याचा लेख तिथे आहे. मुलांना मी लेख वाचून दाखवत नाही. भिंतीवर तळहात फिरवायला लावते आणि छिन्नी कुठल्या बाजूने चालली ते सांगायला लावते. मातीत आपण वाढवत जातो, इथे काढत गेलेत, हे त्यांना हातानेच कळतं. एका मुलीने विचारलं होतं, ‘चुकलं तर काय करायचं?’ खडकात चुकलं तर चूक वापरायची. कोपऱ्यातला एक खांब मी तिला दाखवला.

शेजारच्या पोलादपूर तालुक्याची गत निराळी. वरच्या वाड्यांतल्या शाळांत मुलं बोटांवर मोजण्याइतकी. आई-बाप मुंबईला किंवा एम.आय.डी.सी.त. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील तरच अर्धवेळ कलाशिक्षक मिळतो. डोंगरातल्या शाळेत शंभर मुलं आणणार कुठून? म्हणजे मुंबईहून निघालेला ड्रॉइंग मास्तर सव्वाशे वर्षांतही काही वाड्यांपर्यंत पोचलेला नाही. आणि मला सांगायला जरा विचित्र वाटतं, पण मातीकाम मला तिथेच सर्वात चांगलं दिसतं. त्या मुलांना नमुना बघून काढायची सवय नाही. म्हैस करा म्हटलं की ती म्हैस बसवतात, कारण त्यांनी ती बसलेलीच जास्त पाहिली आहे. पाय कसे करायचे हा प्रश्नच उरत नाही.

दिवाळीतल्या किल्ल्यांत हे नीट दिसतं. आंबेनळी घाटाच्या पायथ्याची मुलं प्रतापगड करतात. १९५७ मध्ये पंडित नेहरूंनी अनावरण केलेला तिथला अश्वारूढ पुतळा त्यांनी सहलीत पाहिलेला असतो, त्यामुळे घोड्याच्या पायावरून भांडणं होतात. महाडची मुलं अर्थातच रायगड करतात. दगडांची रास, वर गोणपाट, त्यावर चिखल, उतारावर हळीव पेरलेला. विकतचे मावळे आता प्लास्टरचे मिळतात, पण टकमक टोक विकत मिळत नाही, ते करावंच लागतं. परवा एका मंडळाने मला परीक्षक म्हणून बोलावलं आणि गुणपत्रिका हातात दिली. स्वच्छता दहा, सजावट दहा, माहितीफलक दहा, अक्षर पाच. मातीकामाला रकानाच नव्हता. मी समासात पेनाने एक आखला, वर ‘हात’ असं लिहिलं आणि त्याला वीस गुण ठेवले. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, ‘मॅडम, बेरीज ठरल्यापेक्षा वर जातेय.’ मग आम्ही दोघांनी बसून सजावटीचे कमी केले.

तिथून निघताना पहिल्या आलेल्या मुलाची आई भेटली. मुलगा आठवीत. तिने विचारलं, ‘इंटरमिजिएटला ए आला तर दहावीला सात मार्क वाढतात ना?’ वाढतात. मी त्याचं नाव लिहून घेतलं.