राहून गेलेलें दान



महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना दास्यांतून सोडविणाऱ्या अमेरिकेंतील लोकांस अर्पण केलेला आहे. त्याच कार्यासाठीं आपलें द्रव्य ठेवूं पाहणाऱ्या एका परदेशस्थ वीराची हकीकत आज मी सांगणार आहें. त्याची इच्छा निःसंशय होती, द्रव्यहि होतें. परंतु त्या द्रव्यानें एकहि गुलाम सुटला नाहीं.

तादेउश कोश्चुश्को हा पोलंडचा स्वातंत्र्यवीर. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत त्यानें साराटोगाची व वेस्ट पॉइंटची तटबंदी उभारली. त्या सेवेचें थकलेलें वेतन पुढें अमेरिकेच्या सरकारनें त्यास दिलें. १७९८ च्या मे महिन्यांत अमेरिका सोडतांना त्यानें स्वहस्तें मृत्युपत्र लिहिलें. आपला मित्र थॉमस जेफरसन यानें या पैशांतून गुलाम विकत घ्यावे, हवे तर स्वतःच्याच गुलामांपैकीं घ्यावे, त्यांस मुक्त करावें व उद्योगधंद्याचें शिक्षण द्यावें, असा त्याचा आशय होता.

पुढें कोश्चुश्को युरोपांत राहिला. १८०६ सालीं त्यानें दुसरें मृत्युपत्र केलें, १८१६ सालीं स्वित्झर्लंडमधील सोलोथुर्न येथें तिसरें, व १८१७ च्या ऑक्टोबरांत तेथेंच चौथें. तिसऱ्या मृत्युपत्रांत एक वाक्य असें होतें कीं, यापूर्वीं केलेलीं सर्व मृत्युपत्रें रद्द समजावीं. तें लिहितांना अमेरिकेंतील तो जुना कागद त्याच्या मनांत नसावा, असें मला वाटतें. कारण १८१७ च्या सप्टेंबरांत त्यानें जेफरसनला कळविलें कीं, माझ्या पश्चात् त्या रकमेचा ठरलेला विनियोग आपणांस ठाऊकच आहे. एका महिन्यानें, १५ ऑक्टोबर रोजीं, तो निवर्तला. मागें अमेरिकेंत सुमारें १७,००० डॉलर राहिले.

जेफरसन आतां वृद्ध झाला होता. १८१९ सालीं त्यानें मृत्युपत्र कोर्टापुढें ठेवलें, पण व्यवस्थापकाचें काम पत्करलें नाहीं. मग निरनिराळे वारस पुढें आले व वाद वर्षानुवर्षें चालला. अखेर १८५२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला: १८१६ च्या मृत्युपत्रानें पहिलीं दोन रद्द झालीं, चौथ्यांत अमेरिकेंतील पैशाची व्यवस्था नाहीं, सबब त्या पैशापुरता कोश्चुश्को मृत्युपत्र न करतांच वारला. तो पैसा त्याच्या बहिणींच्या वंशजांकडे गेला.

मी आयुष्यभर शाळेंत शिकविलें. गृहपाठ न केलेला मुलगा म्हणे, ‘गुरुजी, लिहिणारच होतों!’ तें खरेंहि असे. पण वही कोरी ती कोरीच. न्यायालयाची रीतहि याहून निराळी नाहीं, व तिला दोष देतां येत नाहीं. ‘मृताच्या मनांत अमुक होतें’ एवढ्यावर निकाल होऊं लागले, तर कोणाचीच मालमत्ता सुरक्षित राहणार नाहीं. कारण मृत मनुष्य साक्षीस येत नाहीं.

परंतु या प्रकरणांत ज्यांचें नुकसान झालें, ते जिवंत असूनहि त्यांना न्यायालयांत कोणी विचारलें नाहीं. १८२६ सालीं जेफरसन मरण पावला, आणि १८२७ च्या जानेवारींत मॉंटिसेलो येथें त्याच्या गुलामांचा लिलाव झाला. लिलावाच्या जाहिरातींत १३० गुलाम होते. ज्या पैशानें त्यांतील कांहीं सुटले असते, तो त्या वेळीं वादांत अडकून पडला होता. कायद्यानें गुलामगिरी अमेरिकेंतून नाहींशी झाली ती १८६५ च्या डिसेंबरांत.

पहिलें मृत्युपत्र लिहिल्यावर कोश्चुश्को एकोणीस वर्षें जगला. त्या काळांत त्यानें आपल्या हयातींत दहा माणसें जरी सोडविलीं असतीं, तरी तीं परत बांधण्याचें सामर्थ्य पुढच्या कोणत्याहि कागदांत नव्हतें. आपल्याहि मनांत कोणासाठीं कांहीं करावयाचें असेल, तर तें आपले हात चालत आहेत तोंवरच करून टाकावें, एवढीच विनंति.