घोडचुकांचा इतिहास

माझा भाचा दिवाळीला नागपूरहून अहेरीला येतो आणि आल्या आल्या लढाईवर जातो. लढाई मोबाइलमध्ये असते. तिचे नाव बीजीएमआय. तिच्या आधीची पबजी सरकारने २०२० च्या सप्टेंबरात बंद केली तेव्हा आमच्या बहिणीने देवापुढे साखर ठेवली होती. २०२१ च्या जुलैत ही आली आणि साखर फुकट गेली.

यंदा मी त्याच्या खांद्यावरून डोकावलो, तर लढाई थांबलेली आणि हा आकडे वाचतोय! किती डाव खेळलो, किती गडी बाद केले, स्वतः किती वेळा बाद झालो, दोहोंचा भागाकार काय आला. जन्मात गणिताचे पुस्तक आपणहून न उघडलेला मुलगा भागाकार बघत होता.

"हे कशाला रे?" मी विचारले.

"मामा, कुठं मेलो ते कळलं तर उद्या तिथं मरायचं नाही."

इतिहास का शिकावा, याचे इतके सुटसुटीत उत्तर मला शाळेत कोणी दिले नव्हते.

मी बुद्धिबळवाला. भाच्याने माझ्या मोबाइलवर लीचेस घालून दिले होते. थिबो ड्युप्लेसी नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने २०१० साली ते सुरू केले आणि फुकट ठेवले, हे ऐकूनच मी खूश झालो होतो. नव्या खेळाडूला तिथे सुरुवातीला १५०० गुण मिळतात. हा आपला गौरव आहे अशी माझी समजूत झाली. आठवड्याभरात मी ११४२ वर आलो, तेव्हा ती गेली.

"मामा, तुम्ही खेळून राहिले, पण शिकून नाही राहिले," भाचा म्हणाला. सबब, मी शिकायला बसलो. पण माझा स्वभाव असा, की विळी हातात घेतली तरी आधी तिला धार कोणी लावली ते विचारायचे. म्हणून प्रथम या गुणांचाच इतिहास काढला.

हे गुण आर्पाद एलो यांच्या डोक्यातून निघाले. जन्म १९०३, हंगेरीतला. नोकरी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरी, पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. स्वतः बरे बुद्धिबळपटू. त्यांच्या आधीही गुण देण्याच्या पद्धती होत्या, पण एलोसाहेबांनी तिला संख्याशास्त्राचा पाया घातला. दोघांचे गुण सारखे असतील तर निकाल बरोबरीचा धरायचा. दोनशेचा फरक असेल, तर वरच्याने शंभरातले सुमारे शहात्तर गुण मिळवावेत. चारशेचा असेल, तर अकरातले दहा. अपेक्षेपेक्षा जास्त मिळवले की गुण वाढतात, कमी मिळवले की उतरतात. अमेरिकन संघटनेने ही पद्धत १९६० साली घेतली आणि जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० साली. १९७२ साली जगज्जेता झालेल्या बॉबी फिशरचे गुण त्या वर्षी २७८५ होते. माझे त्याच्या निम्म्याहून थोडे कमी. पण फिशरला अहेरीत राहावे लागत नव्हते.

हे गमतीने म्हणत नाही. पावसाळ्यात प्राणहिता फुगते, आलापल्लीकडून झाडे पडल्याच्या बातम्या येतात, वीज जाते आणि मागोमाग मोबाइलची रेंज जाते. घड्याळ मात्र चालूच राहते. जिंकत आलेला डाव मी असा कितीदा वेळेवर हरलो! एलोसाहेबांच्या हिशेबात पाऊस धरलेला नाही.

लीचेसवर पुढची सुधारणा आहे. मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञाने अशी पद्धत बसवली, की खेळाडूच्या गुणांबरोबर त्या गुणांवर भरवसा किती ठेवायचा हेही मोजता येते. बरेच दिवस खेळला नाहीत तर भरवसा कमी होत जातो आणि अखेर आकड्यापुढे प्रश्नचिन्ह येते. सासुरवाडीत जावयाचे असेच असते.

"आणि आकड्यावर तरी किती विश्वास ठेवायचा?" मी भाच्याला म्हटले. "आपल्या नागपूरची दिव्या देशमुख. २०२५ च्या जुलैत बातुमीच्या विश्वचषकाला गेली तेव्हा गुणांनुसार पंधरावी होती. वय एकोणीस. अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवून विश्वचषक घेऊन आली, वर ग्रँडमास्टर झाली."

"ती रोज आपले डाव तपासत असेल, मामा," भाचा म्हणाला. मी चहा मागवला.

तपासायची सोय फार छान आहे. स्टॉकफिश नावाचा, २००८ साली जन्मलेला एक प्रोग्राम तुमची प्रत्येक चाल बघतो. लहान चूक वेगळी, मोठी वेगळी; घोडचुकीला दोन प्रश्नचिन्हे. माझे डाव तपासून झाले तेव्हा पडद्यावर इतकी प्रश्नचिन्हे होती, की मला दहावीची गणिताची उत्तरपत्रिका आठवली.

आणि तिच्यावरून अण्णांची वही आठवली.

आमचे वडील, अण्णा, वनखात्यात कारकून होते. दिवसभर सागाच्या ओंडक्यांचा हिशेब लिहायचा, आणि पावसाळ्यात रस्ते बंद झाले की रात्री कंदिलाशी माझ्याबरोबर बुद्धिबळ. हिशेबाची सवय सुटेना, म्हणून प्रत्येक डावाची प्रत्येक चाल वहीत उतरवायचे. शेवटी निकालाची ओळ. दोनशे अकरा डाव. त्यांतले मी जिंकलेले नऊ. हे नऊ विजय मी गेली पंचेचाळीस वर्षे लोकांना सांगत आलो आहे; सौ.ला ते पाठ आहेत.

भाच्याला म्हटले, हे घाल तुझ्या यंत्रात. सुरुवातीचे डाव देशी पद्धतीचे निघाले. तिच्यात राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. यंत्राने ती मारू दिली नाही, म्हणून ते डाव सोडले. माझे नऊही विजय नंतरचे, परदेशी पद्धतीचे होते. ते एकेक करून घातले.

पहिल्या डावात अण्णा तिसाव्या चालीपर्यंत यंत्रासारखे खेळले आणि एकतिसाव्या चालीला घोडा फुकट दिला. दोन प्रश्नचिन्हे. दुसऱ्यात हत्ती दिला. दोन प्रश्नचिन्हे. तिसऱ्यात वजीर.

"आजोबांना रात्री दिसत नव्हतं का?" भाच्याने विचारले.

मी वहीतल्या तारखा बघत होतो. पहिला डाव, मलेरियातून उठलो त्या आठवड्यातला. दुसरा, ताईची पाठवणी झाली त्या रात्रीचा. वजीर गेला तो १९७६ सालचा. दहावीचा निकाल लागून मी गणितात आपटलो तो दिवस. आठ डावांत आठ घोडचुका, आणि घरातल्या आठ रात्री, मला एकेक आठवणाऱ्या. प्रत्येक डावाखाली अण्णांच्या वळणदार अक्षरात ओळ: "चि. जिंकला."

नववा डाव १९७९ च्या श्रावणातला. दुसऱ्या दिवशी मी नोकरीसाठी चंद्रपूरची एसटी धरणार होतो. यंत्र बराच वेळ फिरत राहिले. अण्णांच्या एकाही चालीपुढे दोन प्रश्नचिन्हे आली नाहीत. एक्केचाळिसाव्या चालीला मी उंट मागे घेतला होता. यंत्राच्याही मते तीच चाल उत्तम होती.

त्या डावाखालची ओळ मी आयुष्यभर वाचत आलो होतो आणि त्यातला जास्तीचा शब्द म्हणजे बापाचे कौतुक असे समजत होतो. अण्णा हिशेबी माणूस. शब्द उगाच खर्च करत नसत.

"चि. खरोखर जिंकला."

भाचा म्हणाला, "मामा, मग तुमचा एकच धरायचा."

म्हटले, "एकच धर." कालपर्यंत माझे गुण ११६८ होते, रेंज होती तोवर.