वसंत, सूर्य आणि भोंगा

वसंत आला की माणसाच्या मनाला पालवी फुटते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. येथून जवळच्या पैठणला सातवाहनांची राजधानी होती. हाल राजाच्या नावावर चालत आलेल्या प्राकृत गाथांतही आंब्याचा मोहोर आणि विरहिणीची तगमग आहेच. अलीकडे या समजुतीला शास्त्राचा पोशाख चढला आहे. वसंतात ऊन वाढते, त्याने संप्रेरके, म्हणजे डॉक्टरांचे हार्मोन, उचंबळतात आणि मन प्रफुल्ल होते, असे छापून येते. मी डॉक्टर नव्हे. कारखान्याच्या फाटकावर सभा घेणारा माणूस आहे. पण हा वसंत नेमका कोठला आणि कोणाचा, एवढे विचारण्याचा अधिकार मलाही आहे.

तो वसंत मुख्यतः उत्तरेकडील देशांचा आहे. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांचाही भरत नाही आणि जूनमध्ये तो साडेसोळा तासांवर जातो. आपल्या छत्रपती संभाजीनगरात सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. तेथे महिनोन्‌महिने अंधारात काढलेल्या माणसाला मार्चचे ऊन म्हणजे सुटकाच. आपल्याला उन्हाचा तुटवडा कधीच नव्हता. आपल्याकडे चैत्र म्हणजे पुढच्या काहिलीची वर्दी.

आपले वैद्य हे ओळखून होते. आयुर्वेदाने शिशिर, वसंत आणि ग्रीष्म या तीन ऋतूंना आदानकाल म्हटले. आदान म्हणजे घेणे. या काळात सूर्य माणसाचे बळ हिरावून घेतो. थंडीत साठलेला कफ वसंतात उन्हाने पातळ होतो व भूक मंदावते, म्हणून हलके खावे, व्यायाम करावा, दिवसा झोपू नये, असा त्यांचा सल्ला. पाडव्याला आपण कडुलिंबाची पाने खातो. मोहोरलेल्या आंब्याखाली बसणाऱ्या कवीपेक्षा या वैद्याची नजर मला अधिक जमिनीवरची वाटते.

आता गिरणीकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत. दिवस लहान तर काम लहान, दिवस मोठा तर काम मोठे. म्हणजे ज्या वाढत्या उजेडाने विलायतेतला माणूस हरखून जाई, तोच उजेड परळच्या कामगाराच्या पदरात रोज आणखी चार क्षणांची मजुरी टाकत होता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या शेजारची मागणी मात्र सहसा कोणी सांगत नाही: काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. सुरुवात घड्याळाने, शेवट सूर्याने! पौषापेक्षा ज्येष्ठात सूर्य तासाहून अधिक उशिरा मावळतो, हे त्या माणसांना कळत नव्हते असे नाही. पण मावळणारा सूर्य हा त्यांच्या ओळखीचा, मालकाला लाच न देता येणारा पंच होता. रविवारची सुटी १८९० साली मिळाली. त्याच सुमारास, १८८९ मध्ये, आपल्या शहरातही कापसाची गिरणी उभी राहिली आणि सातशे माणसे तिच्यात कामाला लागली.

तो पंच विजेच्या दिव्याने काढून टाकला. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत वीज आली. कापडाला तेजी होती, आणि काम चौदा-पंधरा तासांवर गेले. त्याच वर्षी याविरुद्ध कामगारांचा उद्रेक झाला. योगायोग असा की, १९०५ च्याच जून महिन्यात लंडनमध्ये स्टार्लिंग या शास्त्रज्ञाने व्याख्यान देताना ‘हार्मोन’ हा शब्द प्रथम वापरला. एकीकडे शरीरातल्या या निरोप्यांना नाव मिळत होते, दुसरीकडे त्यांची घडी विस्कटणारा दिवा लागत होता. दोहोंचा संबंध जोडणारा तेव्हा कोणी नव्हता.

संबंध जुळला तो पुढे, आणि तोही एका पाखरामुळे. १९२४ च्या हिवाळ्यात कॅनडात विल्यम रोवन यांनी लहान पक्षी पिंजऱ्यात ठेवले आणि विजेच्या दिव्याने त्यांचा दिवस रोज थोडाथोडा लांबवला. बाहेर कडाक्याची थंडी असूनही पक्ष्यांच्या जननग्रंथी वसंत आल्यासारख्या वाढल्या. १९५८ साली अमेरिकेत लर्नर यांनी मेंदूतील पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन वेगळे केले. रात्री अंधारात ते रक्तात उतरते आणि शरीराला रात्र झाल्याचे सांगते. प्रखर दिव्याने माणसाचे मेलाटोनिन दबते, हे १९८० मध्ये दिसून आले. रोवनच्या पाखराला दिव्याने खोटा वसंत दिला. आमच्या गिरणीवाल्याची त्याच दिव्याने रात्रच पळवली.

हे ज्ञान नसतानाही एक डॉक्टर मात्र खरे बोलला. १९०८ च्या कारखाना आयोगावर मद्रासचे डॉ. टी. एम. नायर होते. प्रौढ पुरुषांच्या तासांना थेट मर्यादा नको, असे बहुमत म्हणाले. लांब तासांनी कामगाराचे शरीर खचते, तेव्हा मर्यादा हवीच, असे वेगळे मत नायरांनी एकट्याने नोंदवले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत बारा तासांची मर्यादा घातली. आठवड्याचे ४८ तास व्हायला १९४६ उजाडले. ते विधेयक मजूरमंत्री डॉ. आंबेडकर यांनी मांडले होते.

तास मोजले गेले, पण ते दिवसाचे की रात्रीचे, हा प्रश्न उरला. चिकलठाणा आणि वाळूजला कारखाने तीन पाळ्यांत चालतात. रातपाळी करणाऱ्यांवर होणाऱ्या परिणामांचा विचार करून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ साली, शरीराचे घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला कर्करोगाचे संभाव्य कारण ठरवले. हा निर्णय मी गेटसभेत सांगितला, तेव्हा एक जुना फिटर म्हणाला, “साहेब, ते खरं असंल, पण आधी दुपारी झोप कशी लागंल ते सांगा.” त्याचे बरोबर होते. चैत्रात सकाळी सातला तो सुटतो, तेव्हा ऊन डोळ्यांवर येते आणि शरीराला जागे हो म्हणून सांगते. घरी येऊन तो खिडकीला चादर बांधतो. अकराला पत्रा तापतो, बाराला पंखा गरम हवा फेकू लागतो, आणि शेजारी पाडव्याची गुढी उभारलेली असते.